तळघरातली तोफ

माझे सासरे फौजेत, तोफखान्यात ड्रायव्हर होते. ही माहिती ते समोरच्याला चहा येण्याआधीच देतात आणि चहा आला की एकाहत्तरची लढाई सुरू होते. आमच्या लग्नाच्या बैठकीत मी पोह्यांचा पहिला घास घेतला तेव्हा तोफ ट्रकच्या मागे जोडून झाली होती, आणि मुलीला एखादा प्रश्न विचारावा असं मला वाटेपर्यंत आम्ही सगळे पंजाबात पोचलो होतो. दिवे बंद, सगळीकडे धुकं, समोरचा पूल हलतोय आणि मामांच्या हातात स्टिअरिंग. मी त्यांना मामा म्हणतो, आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. गोष्टीचा शेवट ठरलेला असायचा. गाडी जागेवर पोचायची, तोफ नीट लागायची आणि मामा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आणि मग दिला फायर!" त्यावर घरातल्यांनी "वा" म्हणून पाहुण्यांना आणखी पोहे वाढायचे, अशी रीत होती.

आम्ही तेव्हा इंगोलश्टाटला होतो. गाडीच्या दाराला कडेनं जे रबर असतं, त्या रबरावर मी काम करायचो. सासरवाडीत मात्र "जावई जर्मनीत गाड्या बनवतात" असं सांगितलं जायचं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण रबर म्हटलं की लोक हळहळतात. बायकोला दिवस गेले होते, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या घरमालकानं स्वतःच्या मुलासाठी घर परत मागितलं. कायद्यानं मिळालेली मुदत संपत आली होती. बाळ येण्याआधी डोक्यावर छप्पर हवं होतं, आणि त्या शहरात रिकाम्या झालेल्या प्रत्येक घरासमोर माझ्यासारखे इंजिनियर रांगेत उभे होते.

इकडे घर बघायला जायचं म्हणजे खरं तर घरानं आपल्याला बघायचं. इस्त्रीचा शर्ट घालायचा, बूट दाराबाहेर काढायचे आणि "तुमच्या स्वयंपाकाचा वास फार येतो का हो?" असल्या प्रश्नांना खाली मान घालून उत्तरं द्यायची. आपल्याकडे मुलींना काय सोसावं लागतं ते मला जर्मनीत येऊन कळलं. माणसं सगळी चांगली होती. कुणी कॉफी पाजली, कुणी केक खाऊ घातला, एका बाईंनी तर निघताना बागेतली सफरचंदं हातात दिली. "कळवतो," म्हणाले सगळे. "कळवतो"चा अर्थ इंगोलश्टाटात आणि कऱ्हाडात एकच असतो.

बाळंतपणासाठी मामा-मामी आले. मामींनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मामांना ताब्यात घेण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते बाल्कनीत बसून खालच्या गाड्यांना मनातल्या मनात शिस्त लावू लागले. मी त्यांना विमानतळावरून येतानाच काही गोष्टींची ताकीद दिली होती. उंबऱ्यावर आपण कुंकवानं जे शुभचिन्ह काढतो, ते इथे काढायचं नाही. आणि लढाईचं नाव काढायचं नाही, या लोकांची ती दुखरी जागा आहे.

"मग म्हातारी माणसं बोलतात तरी काय?" मामांनी विचारलं.

"हवामानाबद्दल बोलतात."

"आणि ते संपल्यावर?"

"संपत नाही, मामा."

त्यानंतरच्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका खेड्यातल्या घराची बेझिश्टिगुंग, म्हणजे हे घर-दाखवणं, ठरलं. दुमजली जुनं शेतघर, खाली एकटे म्हातारे मालक, वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता. मी निघालो तर मामा कोट घालून दारात उभे. मुलगी आणि घर वडीलधाऱ्यांशिवाय बघू नये, असं त्यांचं म्हणणं. मी कुरकुर केली. आतून पडल्या पडल्या बायको म्हणाली, "अरे, ने ना त्यांना. नाहीतरी तुला एकट्याला कुठे कोण देतंय घर." हे खोटं नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं.

घर मालकांच्या मुलीनं दाखवलं. साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, केस आखूड, बोलणं मुद्द्याचं. पहिल्याच पायरीवर त्यांनी सांगून टाकलं की वडिलांचं वय झालंय, त्यांना शांतता लागते, आणि एका शांत जोडप्याला त्यांनी जवळजवळ होकार दिलेला आहे. मी बाळाचं सांगितलं. त्यांनी "आह, किती छान" असं म्हटलं, ते आपण दुसऱ्याच्या पेढ्याला म्हणतो तसं. घर मात्र माझ्या मनात भरलं. मोठ्या खिडक्या, लाकडी जमीन आणि पाळण्यासाठी अगदी बेतानं एक कोपरा. ते हातातून जातंय हे मला चालता चालता कळत होतं आणि त्यामुळे मी जास्तच हसत होतो.

मामांची तपासणी वेगळीच चालली होती. त्यांनी सगळे नळ सोडून पाहिले, पूर्व कुठे ते खिशातल्या होकायंत्रावर लावलं, भिंती बोटांनी वाजवल्या आणि स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसून पाहिलं.

"हे काय करताहेत?" बाईंनी विचारलं.

"त्यांना वास्तुकलेत रस आहे," मी म्हणालो.

शेवटी केलर, म्हणजे तळघर, बघायला गेलो. अर्धं केलर भाडेकरूचं असतं. बाईंनी आमचं अर्धं दाखवलं, त्यांचं अर्धं नजरेनंच बंद केलं आणि आम्ही वर मालकांच्या स्वयंपाकघरात कॉफीला येऊन बसलो. मामा ओल आहे का ते बघत मागेच राहिले. मालक टेबलाच्या टोकाला बसलेले होते. उंच, वाळलेले, दोन्ही कानांत यंत्रं. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि नजर पुन्हा कपात घातली. बाई विचारत होत्या, मी सकाळी अंघोळ किती वाजता करतो, कपडे धुण्याचं मशीन रविवारी लावतो का. मी म्हणत होतो, गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर.

तेवढ्यात मामा आत आले. त्यांच्या दोन्ही हातांत एक मोठी फ्रेम होती, आणि ती ते रुमालानं पुसत होते.

त्यांनी ती केकच्या ताटाला टेकवून टेबलावर उभी केली, दोन पावलं मागे सरकले आणि कडक सॅल्यूट ठोकला.

काळापांढरा फोटो होता. एक जुना ट्रक, त्याच्या पाठीवर चढवलेली अख्खी तोफ, तिची नळी ड्रायव्हरच्या टपावरून पुढे आलेली. शेजारी मिशीवाला एक सार्जंट, आणि मडगार्डवर बसलेला एक सैनिक, ज्याला हेल्मेट इतकं मोठं झालं होतं की त्याखाली नुसते कान दिसत होते. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ते बंदी असलेलं चिन्ह फोटोत कुठे दिसतंय का ते शोधलं. नव्हतं. पण त्यानं काही फारसा फरक पडत नव्हता. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"तळघरात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता," मामा मला म्हणाले. "जावईबापू, त्यांना सांगा, असा फोटो दिवाणखान्यात पाहिजे. हार पाहिजे त्याला. घरातल्या पोराबाळांनी टाकला असणार खाली. आजकालच्या पोरांना किंमतच नाही."

घरातलं पोर साठी उलटलेलं होतं आणि माझ्याकडे भाषांतरासाठी बघत होतं.

"त्यांना फ्रेम आवडली," मी म्हणालो.

"फ्रेम आवडली म्हणून त्यांनी सॅल्यूट केला?" बाई म्हणाल्या. गणित शिकवत असाव्यात. मग त्या थंडपणे म्हणाल्या, "आमच्या घरात हा विषय नाही. शाळेत शिकत होते तेव्हा मीच हा फोटो भिंतीवरून काढायला लावला. त्यानंतर आम्ही याबद्दल बोललेलो नाही."

घर गेलं, हे मला कळलं. मामांचा मला असा राग आला की त्यांना त्याच तोफेला बांधून सरळ सातारला रवाना करावंसं वाटलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मामा तोपर्यंत खुर्ची ओढून मालकांच्या शेजारी बसले होते. त्यांनी पाकिटातून स्वतःचा फोटो काढला होता. त्यातही ट्रक, तोफ आणि तोफेपेक्षा काटक मामा. त्यांनी दोन्ही फोटोंवर आळीपाळीनं बोट ठेवलं आणि थेट मराठीत, मोठ्यानं, विचारलं, "आमची मागं ओढायची होती. तुमची वर कशापायी चढवली?"

मालक इतका वेळ फोटोकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी जसंच्या तसं भाषांतर केलं.

"आल्झो," मालक म्हणाले, म्हणजे "तर मग". आवाज गंजलेला होता. "चाक मोडलं होतं."

मामांनी समाधानानं मान डोलावली. "सांगत होतो. चाकाशिवाय असं करत नाहीत."

पुढचं सगळं मालकांनी मामांकडे बघत सांगितलं. मी मध्ये बसून नळासारखा एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सोडत होतो. महायुद्धाचा शेवटचा वसंत होता. यांना मिसरूड फुटत होतं, आणि बाकीचे ड्रायव्हर संपले होते म्हणून यांना ड्रायव्हर केलं होतं. हुकूम होता, तोफ नदीच्या पुलावर न्यायची. पोचले तर पूल त्यांच्याच लोकांनी सकाळी उडवलेला. मग दुसऱ्या गावी न्यायची. तिथला अधिकारी म्हणाला, ही माझी नाही, घेऊन जा. आणि गोळे नव्हते. गोळे दुसऱ्या ट्रकवर होते आणि तो ट्रक त्यांना कधी भेटलाच नाही.

"पेट्रोल होतं का?" मामांचा पुढचा प्रश्न.

पेट्रोल कुठलं. ट्रक लाकडावर चालायचा. ड्रायव्हरच्या मागे एक मोठी उभी टाकी, तिच्यात लाकडाचे तुकडे पेटवायचे, त्याचा धूर इंजिनात सोडायचा. मी मामांना त्यामागचं शास्त्र समजावून सांगायला लागलो.

"म्हणजे आपला अंघोळीचा बंब," मामा म्हणाले आणि माझं शास्त्र संपलं. "बंबावर तोफ? चढाला काय करायचे?"

चढाला उतरून ढकलायचे. पण खरी अडचण चढाची नव्हती, गावांची होती. गावात तोफ आली की मागोमाग विमानं येतात, हे सगळ्यांना कळून चुकलेलं. त्यामुळे ट्रकचा धूर दिसला की बायका एप्रन बांधून गावाच्या तोंडाशी उभ्या. अंडी घ्या, पाव घ्या, डुकराचं मांस घ्या, बंबाला फोडलेली लाकडंसुद्धा घ्या, पण इथे थांबू नका. सार्जंट पूर्वी दुकानदार होता. त्याला दोन गावांतच धंदा समजला. तिसऱ्या गावापासून तो बरोबर जेवणाच्या वेळेला शिरायला लागला, आणि चर्चकडे बघत मोठ्यानं म्हणायचा, तोफ लावायला ही जागा बरी दिसते. की लगेच हॅम बाहेर यायचं.

मामा हसता हसता खोकायला लागले. मालकांच्या खांद्यावर त्यांनी अशी थाप मारली की एका कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं. आणि बाई हसल्या. मी पाहिलं, त्यांनी ओठ दाबून धरले होते, पण हॅमपाशी त्यांचा नाइलाज झाला.

डोळे पुसत मामा म्हणाले, "आमच्या गाडीला पण गावं जेवायला घालायची. परोठे, लस्सी. पण आम्ही थांबावं म्हणून."

मी सांगितलं. "हो," मालक म्हणाले, "तुमच्याकडे गोळे होते."

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. एका गावात एक बाई आडवी आली. तिच्या हातात अंडी नव्हती. ती गाडीच्या पायरीवर चढली, तिनं खिडकीतून आत बघितलं आणि सार्जंटला विचारलं, हा कुणाचा पोरगा? सार्जंटला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, ते लोखंड तळ्यात टाका आणि दोघं जेवायला या. तोफ टाकून पळताना सापडलं तर झाडाला टांगायचे, वाटेत टांगलेले यांनी पाहिले होते. सार्जंट बराच वेळ रस्त्यावर उभा राहिला. मग त्यानं टोपी काढली. गावातल्या बायकांनी हात लावला तेव्हा कुठे ते धूड पाण्यात गेलं. त्या बाईचा मुलगा रशियातून परतला नव्हता, त्याची विजार तिनं यांना दिली. ती लांबीला जास्त होती. सार्जंट पुढे आपल्या गावी गेला, आणि हा फोटो बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोनं फ्रेम करून पाठवला होता.

"ती तुझी आजी, तुझ्या आईची आई," मालक मुलीला म्हणाले. "इथेच, या टेबलाशी जेवलो."

"तुम्ही तर म्हणाला होता, या घरी शेतकामाला आलात म्हणून."

"हो. दुसऱ्या दिवशी लागलोच की कामाला."

बाईंनी फ्रेम स्वतःकडे ओढून घेतली आणि मडगार्डवरच्या त्या कानांकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता उठावं. पण मालक मामांकडे वळले होते. मामांच्या फोटोतल्या तोफेवर त्यांनी बोट ठेवलं.

"तुमच्याकडे गोळे होते," ते पुन्हा म्हणाले. "कुठे पडले?"

मी भाषांतर केलं आणि मनात मांडीवरच्या थापेची वाट पाहिली. ती आली नाही. मामांनी फोटो उचलला, पाकिटात घातला, पाकीट खिशात घातलं.

"गोठ्यावर," मामा म्हणाले. "फायर देताना दिसत नाही, लांब असतं. दोन दिवसांनी पुढं गेलो तेव्हा गाडी तिथनंच न्यावी लागली. माणसं निघून गेली होती. गुरं सोडायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. दावणीला तशीच होती, ओळीनं. एक म्हैस जिती होती. आमच्या दारात आठ जनावरं होती त्या वेळी, जावईबापू. मी गाडी थांबवली नाही. थांबवायचा हुकूम नव्हता."

मला गोठ्याचा जर्मन शब्द येत होता, दावणीचा नव्हता. मी गळ्याभोवती हात फिरवून दाखवला. तेवढ्यावर मालकांना कळलं, ते शेतकरीच होते. त्यांनी हात पुढे करून मामांच्या मनगटावर ठेवला. मला रडू आवरेना, म्हणून मी केक खाल्ला.

बऱ्याच वेळानं बाई उठल्या. सवयीनंच म्हणाल्या, "आल्झो. आम्ही तुम्हाला कळवू."

"काय कळवायचंय?" मालक म्हणाले. "कधी येताय ते विचार त्यांना."

"पपा, लहान बाळ असेल. रात्रीचं रडेल. तुम्हाला शांतता हवी असते."

"शांतता पुष्कळ झाली," मालक म्हणाले.

त्यावर बाई वडिलांशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त कपाटातून एक किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि फ्रेम उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन गेल्या. आतून खिळे कुठे ठेवलेत ते विचारत होत्या.

परत येताना गाडी मी चालवत होतो. मामा शेजारी बसून नेहमीप्रमाणे माझे गिअर मोजत नव्हते. शहराची पाटी आली तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मामा, हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं?" ते म्हणाले. रागानं नाही, साधंच म्हणाले.

घरी मामींनी दार उघडलं. बायको पलंगावर उठून बसली होती. मी किल्ली तिच्या हातात ठेवली. ती किल्लीकडे बघत राहिली, मग पदरानं डोळे टिपावेत तसे तिनं चादरीनं टिपले, आणि मग एकदम व्यवहारावर आली. खिडक्या किती, ऊन येतं का, जिना चढायला सोपा आहे का. मी सांगत होतो. शेवटी तिनं वडिलांना विचारलं, "आणि शेजार कसा आहे, बाबा?"

मामा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"चांगला आहे," ते म्हणाले. "विचारपूस करतो."